खाटेवरचा डाग

गल्लीतल्या एकुलत्या एक ड्रायक्लीनिंगच्या दुकानाच्या मालकाला सगळे डागवाले म्हणत. दुकानावरच्या पाटीवर दुसरंच नाव होतं, पण ते कुणी वाचत नसे. शाई, गंज, तेल, रक्त, कशाचाही डाग असो, ते कापड नाकाशी नेत, एकदाच हुंगत आणि निकाल देत : "निघेल," नाहीतर "हा नाही जायचा, काळा रंग देऊन टाका." चौतीस वर्षांत हा निकाल क्वचितच चुकला. एका गृहस्थांनी लाल शाईचा डाग म्हणून आणलेला शर्ट त्यांनी हुंगला आणि शांतपणे सांगितलं, "न्यायला तुम्हीच या. बाईंना पाठवू नका."

बायको गेली त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात याच नाकाने त्यांचा घात केला. दुपारी जेवायला म्हणून ते घरी आले, कुलूप काढलं आणि उंबऱ्यावरच थिजले. आतून तो वास येत होता. तोच, ज्याने गेले पाच महिने घर भरून टाकलं होतं.

बायको पाच महिने खाटेवर होती. शेवटी शेवटी तिला लघवीचा ताबा राहिला नव्हता. डागवाले तिचं सगळं करत, चादरी बदलत, मग दुकानातली अमोनियाची बाटली आणून गादी, फळ्या, खालची फरशी पुसून काढत. माणूस कामाला मागे हटणारा नव्हता. फक्त एकदा, एका सकाळी तिसऱ्यांदा चादर बदलताना, तोंडातून निघून गेलं, "अजून किती वेळा?" ती काहीच बोलली नाही. पण त्या दिवसापासून पाण्याचा पेला पुढे केला की ती मान फिरवायची. नको, तहान नाही. डॉक्टर रागावले, मुलीने गळ घातली, ती दोन घोटांपुढे गेली नाही. कारण डागवाल्यांना ठाऊक होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

ती गेल्यावर त्यांनी जुनी गादी टाकून नवी आणली होती. त्या नव्या गादीवर, डाव्या बाजूला, कमरेच्या जागी, ओला गोल होता. शेजारी मांजर बसलं होतं.

मांजर बायकोचं. तिने त्याचं नाव बया ठेवलं होतं. सहा वर्षं बयाने न्हाणीघराजवळचा वाळूचा ट्रे सोडून कुठे थेंब सांडला नव्हता. आता दोन दिवसांआड खाट, आणि दर वेळी तीच जागा. डागवाल्यांनी ट्रेमधली वाळू बदलली, खोलीचं दार लावून पाहिलं, तर बया दाराशी बसून असा सूर काढी की दार उघडावंच लागे. प्रत्येक वेळी ते बाटली आणून अमोनियाने गादी घासत. चौतीस वर्षांच्या अनुभवाने घासत. तिसऱ्या दिवशी तिथेच पुन्हा ओलं.

शेजारीण काकू डोकावून म्हणाल्या, मांजरांना दिसतं हो. वहिनींचा जीव अडकलाय खाटेत. काहीतरी बोलायचं राहिलंय त्यांचं.

डागवाल्यांनी हसण्यावारी नेलं. काय बोलायचं राहिलंय ते त्यांना कळत होतं. घर खायला उठायचं. दुकानात दुसऱ्याच्या कोटावर वाकलेले असताना मध्येच तो वास यायचा, आणि कोट स्वच्छ असायचा. एकदा ओली गादी पाहून ते बयावर ओरडले, "अजून किती वेळा?" आणि स्वतःच्याच आवाजाने भिंतीला टेकून उभे राहिले.

त्यातच मुलीचा फोन आला. शनिवारी ती चार महिन्यांच्या बाळाला घेऊन महिनाभर येणार होती आणि त्याच खोलीत झोपणार होती. "बाबा, आईचं मांजर म्हणून मी इतके दिवस गप्प बसले. पण त्या वासात मी बाळाला ठेवणार नाही. एक तर ते, नाहीतर आम्ही."

बाजारातल्या धान्याच्या गोदामवाल्याला उंदरांसाठी मांजर हवंच होतं. शुक्रवारी घेऊन जातो म्हणाला. डागवाल्यांचा जीव टांगणीला लागला. बया गेली तर घरात बायकोचं म्हणून श्वास घेणारं काही उरणार नव्हतं. आणि बायकोचं जे बोलायचं राहिलं होतं, तेही तसंच राहून जाणार होतं.

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी बयाचं पाण्याचं भांडं उचललं. सकाळी एकदाच चार चमचे. पाणी कमी, तर लघवी कमी. हिशेब सरळ होता.

गुरुवारी सकाळी बया वाकून बसली, कण्हली आणि दोनच थेंब गळले. त्यांत लाल छटा होती. तिला पिशवीत घालून ते जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

बाईंनी पोट चाचपलं, सुई दिली आणि एकेक विचारलं. अमोनियाचं ऐकून त्यांनी मान वर केली. "अहो, मुरलेल्या मुताला अमोनियाचाच वास येतो. पाच महिने तुम्ही त्या खाटेवर पाटीच लावत होतात, की इथे करायचं. तिला काय कळणार?"

डागवाले आपल्या बोटांकडे पाहत राहिले. छाती हलकी व्हायला हवी होती. म्हणजे ती बायको नव्हती. ती रागावून काही करत नव्हती. पण हलकं काही वाटलं नाही.

"आणि पाणी किती पिते?"

त्यांनी भांड्याचं सांगितलं.

"पाणी तोडून लघवी थांबत नाही, काका. आग होते नुसती. बोलता येत नाही म्हणून ती सोसत होती."

डागवाल्यांनी तोंड फिरवलं. बाईंना वाटलं, म्हाताऱ्याचा मांजरावर फार जीव आहे. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला. तो त्यांनी हातात धरला, पण त्यांना घोट घेता येईना.

वाटेतूनच त्यांनी गोदामवाल्याला येऊ नकोस म्हणून कळवलं. मुलीला सांगितलं, तू आणि बाळ माझ्या खोलीत झोपा. खाटेच्या खोलीत मी आणि बया. ती कुरकुरली, मग त्यांच्या आवाजात काय ऐकलं कोण जाणे, बरं म्हणाली. अमोनियाची बाटली त्यांनी दुकानात नेऊन ठेवली. गादी कोमट पाण्याने, नंतर डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या औषधाने धुऊन उन्हात टाकली आणि तीन खोल्यांत तीन भांडी पाण्याने भरून ठेवली.

शुक्रवारी दुपारी ते घरी आले तेव्हा बया खाटेवर होती. खाली ओलं. एका दिवसात गुण कसा येणार? त्यांना पाहताच तिने कान मागे पाडले आणि अंग चोरलं.

डागवाले जवळ जाऊन बसले. खोलीत कुणी नव्हतं. डाव्या बाजूला, कमरेच्या जागी, त्यांनी हात ठेवला. ओलं कोमट होतं.

"असू दे," ते म्हणाले. "होतं असं. तू पाणी पी."

बया उठली नाही. ते बराच वेळ तसेच, खाटेच्या उशाकडे बघत बसून राहिले.