मामांच्या मचव्याचा भोंगा

बारा व्होल्टच्या विजेने माणूस मरत नाही. फक्त त्याला सासुरवाडीत तोंड दाखवायला जागा राहत नाही.

माझे सासरे, म्हणजे मामा, रेवदंड्याचे. शिडाच्या मचव्यांना तेव्हा नुकती कुठे इंजिनं बसू लागली होती, आणि मामांच्या मचव्याला इंजिन बसल्यापासून त्यांचं पाऊल जमिनीला लागत नव्हतं. इंजिनाबरोबर बॅटरी आली. बॅटरी आली म्हटल्यावर तिला काम नको? मामांनी मोडीतल्या ट्रकचा भोंगा पैदा केला आणि मला म्हणाले, "जावायबापू, मुंबैवरना येताना याचं बटन घेऊन या. आगरदांड्याचे पावणे येनार हायेत."

पाहुणे म्हणजे माझ्या मेव्हणीला, यमुनेला, पसंत करून गेलेले लोक. मुलगा तिलाही आवडला होता. पण मुलाचे वडील धर्माशेठ वर्षभर 'बघू, कळवू' करत होते. का, ते कोणालाच कळेना! आता त्यांना मचव्यातून थाटात आणायचं आणि सुपारी फोडूनच परत धाडायचं, असा मामांचा बेत. यमुनेने मला बाजूला घेऊन बजावलं, "भावजी, या टायमाला न्हाय जमलं तं कंदीच न्हाय जमनार. बटन नीट बगून आना!"

मी कचेरीतला कारकून. विजेशी माझा संबंध बिल भरण्यापुरता; पण सासुरवाडीत मी इंजिनीयर होतो. (हा गैरसमज मी पसरवला नव्हता. दूरही केला नव्हता.) मुंबईच्या दुकानदाराने एक काळा, बेढब, दणकट स्विच पुढे सरकवला. मी हसलो. "अहो शेठ, बाराच व्होल्ट! त्याला हा धोंडा कशाला?" आणि टेबल-लॅम्पचा नाजूक, पांढराशुभ्र स्विच उचलला. त्यावर अडीचशे व्होल्ट लिहिलं होतं. अडीचशेला पुरणारा बाराला पुरून उरेल, हा माझा हिशेब! गिऱ्हाईक एवढं शहाणं असल्यावर दुकानदार कशाला बोलतोय?

(व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो, त्यातून बॅटरीचा करंट एकाच दिशेचा, त्याची ठिणगी लवकर तुटत नाही आणि नाजूक स्विच आतल्या आत वितळून चिकटतो, हे ज्ञान मला पुढे झालं. स्विचच्या पाठीवर 'फक्त ए.सी.साठी' असं छापलेलंही होतं. पण पाठ मी फळीला स्क्रूने आवळून टाकली होती!)

पाहुण्यांना घेऊन मचवा कोर्लईचं टोक वळला. मामांनी रुबाबात मान हलवली. मी कळ दाबली.

पोंऽऽऽ!

धर्माशेठ दचकले, मग खूष झाले. मी कळ वर केली. पोंऽऽऽ! पुन्हा खाली, पुन्हा वर. पोंऽऽऽ!

"बंद करा आता, जावायबापू!"

"केलाय, मामा!"

"मंग वाजिवतंय कोन?"

बॅटरीची तार काढावी, तर बॅटरी लाकडी पेटीत. खारं पाणी शिरू नये म्हणून झाकणाला खिळे मीच ठोकलेले, आणि झाकणावर मुलाची आत्या ऐसपैस बसलेली.

"आत्याबाई, जरा उठता का?" मी तिच्या कानाशी किंचाळलो.

"नवऱ्याची आत्या हाय मी! मला उठिवतोस?" ती आणखी पसरून बसली.

मामांनी तार कापायला सुरी काढली. मी त्यांचा हात धरला. "नको! शॉक लागेल! जीव जाईल!" (बारा व्होल्टला हसलेला तो हाच गृहस्थ!) झालं, सगळे पाहुणे तारेपासून पळाले आणि नाळेवर, म्हणजे मचव्याच्या पुढच्या टोकावर, एकमेकांच्या मांडीवर जाऊन बसले.

आता आमच्या किनाऱ्याची रीत अशी, की एकसारखं वाजवत कोणी आलं म्हणजे मचवा संकटात. खाडीतल्या झाडून साऱ्या होड्या सुटल्या! सर्वांत पुढे मामांचे चुलतभाऊ. दोघांचा कित्येक वर्षं अबोला.

"कोन बुरला?" त्यांनी दोर फेकत विचारलं.

"कोनी न्हाय!"

"मंग बोंब कशाला मारतंस?"

किनाऱ्यावर बायका तळणीतले वडे टाकून ऊर बडवत आल्या होत्या. यमुना नव्या लुगड्यानिशी गुडघाभर पाण्यात उभी. तिने मचवा पाहिला, भोंगा ऐकला, कळीवरचा माझा हात पाहिला आणि मट्‌कन पाण्यातच बसली. मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेवटी मामांनी मला ढकललं आणि देवाचं नाव घेऊन तार कापली. चट्! सगळं शांत. मामा जिवंत होते. त्यांनी सुरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"येवढंच?"

धर्माशेठ नाळेवरून उठून आले. सोयरीक मोडली, हे सगळ्यांनीच धरलं होतं.

"ह्येच काय तुमचं मुंबैचं शिकल्यालं जावाय?"

"व्हय," मामा मान खाली घालून म्हणाले.

"मंग फोरा सुपारी! आमचा पोऱ्या चौथी नापास. मुंबैच्या जावायाम्होरं त्याला या घरान कोन इचारनार, याच भ्यानं वरीसभर गप व्हतो. आता काय भ्याव न्हाय!"

सुपारी मचव्यातच फुटली. यमुना आजही सांगते, की तिचं लग्न भावजींमुळे जमलं. ते कसं, असं कोणी मला विचारलंच, तर भोंग्याने माझे कान गेलेत!