जपाचा लाल दिवा

लातूरचा वेगळा जिल्हा झाला आणि मन्मथ गुत्तेदाराच्या अंगात जिल्हा शिरला. नव्या कचेऱ्या, नवे साहेब, नवी कंत्राटं. मग घर जुनं कसं चालेल? गावाबाहेरच्या प्लॉटवर त्यानं बंगला उठवला आणि चाकूरहून आईला आणून ठेवलं. शिवकांताबाईंच्या मनातून तो बंगला पहिल्याच दिवशी उतरला. छताला बत्त्या, भिंतीत बत्त्या, जिन्याखाली बत्ती, आरशाच्या डोक्यावर बत्ती. एक बटण दाबलं तर पंखा फिरे, दुसरं दाबलं तर दारात पाखरू ओरडे आणि तिसरं दाबलं तर काहीच होत नसे.

"भिंतीला एवढी बटनं लावलास, सदऱ्याला तरी दोन लाव की," त्या मुलाला म्हणत. मन्मथचं पोट सुटलं होतं आणि सदरा उघडाच असे.

दिवा मात्र त्यांच्यासाठी दिवाच. कसलीही बत्ती लागो, बाई हात जोडत. चाकूरच्या घरची रीतच होती: दिवेलागणीला आधी दिव्याला नमस्कार, मग लहानांनी थोरांच्या पाया पडायचं. लहानपणी मन्मथ न सांगता पडायचा. बंगल्यात आल्यापासून तो ते सोयीनं विसरला होता.

एकदा एक इंजिनिअरसाहेब चहाला आले, तेव्हा बाई त्यांच्यासमोर जाऊन बसल्या. बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट निघाली. नवरा गेलेला, दुकान बसलेलं, रोजगार हमीच्या कामावर खडी फोडून पोराला शिकवलेलं, सगळं त्यांनी सांगितलं. साहेब मन लावून ऐकत होते. मन्मथ स्वतः खडीचाच गुत्तेदार, तरी त्याचं तोंड एरंडेल प्याल्यासारखं झालं.

पुढच्याच आठवड्यात बाईंच्या मागच्या खोलीत दारावर एक लाल बल्ब आला. त्याचं बटण खोलीत कुठंच नव्हतं. मनात येईल तेव्हा तो लागे, भर दुपारीसुद्धा.

"अव्वा, ह्यो जपाचा दिवा हाय," मन्मथनं आईला समजावलं. "ह्यो लागला की गळ्यातलं इष्टलिंग हातात घ्यायचं, जप करायचा. दिवा हाय तवर उठायचं न्हाई."

देवाचं नाव निघाल्यावर बाई काय बोलणार? दिवा लागला की गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन त्या मुकाट बसत.

एक दिवस सून उमादेवी बाजारात गेली होती. बैठकीत सोफ्यामागं बाईंना एक बटण सापडलं. त्यांनी दाबलं. काहीच झालं नाही.

"ह्ये बी बिनकामाचं!" असं म्हणून त्या खोलीत आल्या, तर जपाचा दिवा लागलेला. परत गेल्या, बटण वर केलं, येऊन पाहिलं. दिवा गेलेला.

बाई पलंगावर बसल्या. दारात साहेबांची जीप आली की दिवा लागे, जीप गेली की जाई, हे आता त्यांच्या ध्यानात आलं. गुरं कोंडायला लोक कडी लावतात. ह्या पठ्ठ्यानं आई कोंडायला देव लावला होता. त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस आपण हातात लिंग घेऊन पोराची लाज राखत बसलो, याची त्यांना शिसारी आली.

संध्याकाळी इंजिनिअरसाहेबांची जीप आली. लाल दिवा लागला. बाईंनी त्याला हात जोडले. बिचाऱ्या दिव्याचा काय दोष? डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्या थेट बैठकीत गेल्या. मन्मथचा हात अजून सोफ्यामागंच होता.

"अव्वा, तुझा जप..."

"दिवा लागलाय, मन्मथा. पाया पड."

साहेबांनी पाण्याचा पेला खाली ठेवला. मन्मथनं उमादेवीकडं पाहिलं, उमादेवीनं खिडकीकडं. शेवटी पोट सावरत तो वाकला. खडी फोडून घट्टे पडलेला हात बाईंनी त्याच्या डोक्यावर ठेवला आणि जरा जास्तच वेळ ठेवला.

"साहेब, मी ह्याची माय," त्या म्हणाल्या आणि सोफ्याच्या मधोमध बसल्या.

दिवा घालवायला मन्मथचा हात हळूच बटणाकडं सरकला.

"ऱ्हाऊ दे," शिवकांताबाई म्हणाल्या. "दिवा हाय तवर उठायचं न्हाई, तूच म्हनलास."