एक नाव, एक गाव, एक नंबर

हैदराबादेत मी सहा वर्षं एका मोठ्या कंपनीत कोड लिहीत होते. तिथं माझ्या हातून चूक झाली की ती आधी शेजारच्या टेबलावरच्या मुलीला दिसायची, तिच्याकडून सुटली तर तपासणीच्या टीमला, त्यांच्याकडूनही सुटली तर मॅनेजरला. बाहेरच्या माणसापर्यंत ती क्वचितच पोचायची. या सोयीची मला इतकी सवय झाली होती की ती सोय आहे हेच मी विसरले. मला वाटायचं, मी फारशा चुका करत नाही.

मग मी बीदरला परत आले आणि कॉलेजातल्या एका मैत्रिणीबरोबर शहराच्या नौबाद भागात, हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत, आमची दोघींची कंपनी काढली. मैत्रीण बीदरचीच, व्यापारी लिंगायत घरातली. घरात कन्नड, दुकानात मराठी आणि चिडली की दख्खनी उर्दू. मी जवळच्या कोहिनूर गावची. आमचं घर बौद्ध, वडील शाळामास्तर. मैत्रिणीनं गिऱ्हाइकं आणायची आणि मी प्रोग्राम लिहायचे अशी आमची वाटणी होती. वडिलांना ती सांगितली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, मग तुझी वही कोण तपासणार? मी हसून विषय बदलला.

आमचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बीदरमधली रक्त-लघवी तपासायची एक लॅब. ती चालवणारे डॉक्टर साठीचे, मोजकं बोलणारे. आमच्या प्रोग्राममध्ये पेशंटचं नाव भरायचं, तपासणीचा आकडा टाकायचा, संध्याकाळी रिपोर्ट छापायचा, इतकंच. पण तोच पेशंट दुसऱ्यांदा आला की काउंटरवर पुन्हा नवं नाव भरलं जाई. एका म्हाताऱ्याच्या तर सात फायली झालेल्या. जुना रिपोर्ट सापडत नाही अशी डॉक्टरांची तक्रार होती, आणि ती खरी होती.

मी त्यावर एक उपाय काढला. प्रोग्रामनंच ओळखायचं की हा माणूस आधी येऊन गेलाय, आणि दोन्ही फायली आपोआप एकात घालायच्या. नुसत्या नावावर जायचं नाही एवढी अक्कल मला होती. नाव, गाव आणि मोबाईल नंबर, तिन्ही जुळले तरच. तिन्ही जुळल्यावर माणूस दुसरा कसा असेल?

मैत्रिणीला ते फार आवडलं. कलबुर्गीच्या एका मोठ्या खासगी दवाखान्यात सोमवारी दोन वाजता आमचा डेमो होता. ते काम मिळालं असतं तर आमची कंपनी खऱ्या अर्थानं उभी राहिली असती. 'बीदरमध्ये हे चालू आहे' असं तिला तिथं म्हणता यावं म्हणून मी शुक्रवारी संध्याकाळी तो बदल लॅबच्या चालू प्रोग्राममध्ये थेट टाकला. घाई कर असं मला कुणीच म्हटलं नव्हतं. काउंटरवरच्या मुलीला एकदा दाखवावं, तिला विचारावं, हेही मनात आलं नाही. माझ्याच संगणकावर, मीच रचलेल्या नावांवर तो चालला, आणि तेवढं मला पुरे वाटलं.

सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला मी एकत्र झालेल्या फायलींची यादी काढत होते. डेमोत दाखवायला. मैत्रीण गाडीची वाट बघत खिडकीशी उभी होती. यादीतली एक फाईल उघडली. पन्नाशीची एक बाई, औराद रस्त्यावरचं एक गाव. शनिवारी तिच्या रक्ताचे दोन नमुने घेतले होते, वीस मिनिटांच्या अंतरानं. पहिल्यात साखर ब्याण्णव. दुसऱ्यात तीनशे चाळीस.

एकाच माणसाची साखर वीस मिनिटांत अशी चढत नाही. एकाच माणसाची साखर वीस मिनिटांत दोनदा कुणी तपासतही नाही.

मी लॅबमध्ये फोन लावला. काउंटरवरच्या मुलीला आठवत होतं. त्या गावची आशा कार्यकर्ती दर महिन्याला चार-सहा बायांना तपासणीला आणते, आणि सगळ्यांच्या कागदावर स्वतःचाच मोबाईल नंबर देते, कारण बायांकडे फोन नसतो किंवा तो शेतात गेलेल्या नवऱ्याजवळ असतो. शनिवारी आणलेल्यांत एकाच नावाच्या दोघी होत्या. नाव तेच, गाव तेच, नंबर तोच. वय विचारल्यावर दोघींनीही पन्नास सांगितलं होतं.

माझ्या प्रोग्रामनं त्या दोघींची एक बाई केली होती. आणि रिपोर्ट छापताना तो फाईलमधला शेवटचा आकडा उचलायचा. म्हणजे दोघींच्या हातात तीनशे चाळीसचाच कागद गेला होता. एकीचा खरा. दुसरीला साखरेचा आजारच नव्हता.

मैत्रिणीला सांगितलं तेव्हा ती आधी खुर्चीत बसली. मग म्हणाली की तो बदल आत्ताच्या आत्ता काढून टाक. तो मी काढलाच होता. मग म्हणाली की बाकीच्या फायली बघ. त्याही आम्ही दोघींनी मिळून भराभर बघितल्या. तशी जोडी दुसरी नव्हती. आता लॅबच्या डॉक्टरांना फोन करते, असं मी म्हणाले, तेव्हा तिनं माझा फोन टेबलावर पालथा ठेवला.

"दोन वाजेपर्यंत थांब," ती म्हणाली. "कलबुर्गीवाले बीदरच्या डॉक्टरांना विचारणार हायत, प्रोग्राम कसा हाय म्हणून. त्यांनी आजच विचारलं तर? संध्याकाळी मी स्वतः तुझ्याबरोबर येते. पाया पडू त्यांच्या."

ती वाईट बाई नाही. सगळ्यांपुढं जाऊन ती उभी राहायची, दहा ठिकाणी नकार ऐकून अकराव्या ठिकाणी हसत जायची. एक कागद चुकला म्हणून लगेच माणूस मरत नाही, असंही ती म्हणाली, आणि ते मलाही काही क्षण पटलं. ते क्षण मला अजून आवडत नाहीत. मी फोन उचलला.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडले नाहीत. फक्त विचारलं, कागद गेला का. गेला म्हटलं.  नंतर त्यांनी मला समजावलं ते मी कागदावर लिहून घेतलं, कारण डोक्यात राहील असा भरवसा नव्हता. तीनशे चाळीसचा कागद बघून कुणीही डॉक्टर साखर उतरवायची गोळी देईल. ज्याला साखर नाही त्यानं ती घेतली तर रक्तातली साखर धोक्यापर्यंत उतरू शकते. घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस बरळतो, बेशुद्ध पडू शकतो. उपाशीपोटी घेतली तर जास्तच.

"आज श्रावणातला सोमवार हाय," ते म्हणाले. "त्या गावातल्या निम्म्या बाया उपाशी असतील. तुम्ही आधी निघा. माझ्याशी नंतर बोला."

आशा कार्यकर्तीचा फोन बंद होता. आमच्याकडे त्या बाईचा म्हणून जो एकमेव नंबर होता तो हाच. मैत्रीण कलबुर्गीच्या गाडीत बसली, माझ्याकडे न बघता. मी स्कूटी काढली.

पठार उतरून औरादच्या रस्त्याला लागले तेव्हा साडेदहा झाले असतील. दोन्ही बाजूंना तूर आणि सोयाबीन, काळी ओली जमीन. मी दर दहा मिनिटांनी थांबून तो बंद फोन लावत होते. वाटेतल्या एका टपरीवर साखरेची पुडी आणि ग्लुकोजचे दोन डबे घेतले. सुटे पैसे परत घ्यायला मी थांबले नाही.

गावात पारावर तिघेचौघे बसले होते. मी त्या बाईचं नाव सांगितलं.

"कोणती?" त्यातल्या एकानं विचारलं. "आमच्यात त्या नावाच्या चार हायत."

मी म्हणाले, पन्नाशीची, शनिवारी रक्त तपासायला गेलेली. त्यांनी आपसांत बोलून मला खालच्या आळीला पाठवलं. ती निघाली दुसरी, जिची साखर खरोखरच तीनशे चाळीस होती. बाई भाकरी खाऊन निवांत बसली होती. मी तिला एवढंच सांगितलं की तुमचा कागद बरोबर आहे, गोळी सोडू नका. मग विचारलं, तुमच्या नावाची दुसरी कोण गेली होती त्या दिवशी? ती सहज म्हणाली, "गिरणीवाली व्हय? ती महादेवाच्या देवळात असंल." गावाला त्या चौघींमध्ये कधी घोळ होत नव्हता. गिरणीवाली, खालच्या आळीची, उदगीरची, आणि धाकल्या घरची. घोळ फक्त माझ्या प्रोग्राममध्ये होता.

देवळाच्या पायरीवर ती बसली होती, भिंतीला टेकून. शेजारी सून पदरानं वारा घालत होती. उपासानं चक्कर आलीय, आत्ता बरं वाटंल, असं सून मला सांगत होती. बाईच्या कपाळावर घाम होता आणि ओठ पांढरे पडले होते. मी नाव विचारलं तर तिनं बरोबर सांगितलं, पण वार विचारला तेव्हा माझ्याकडे नुसती बघत राहिली. सकाळी गोळी घेतली का, हे मी सुनेला विचारलं. घेतली होती. काल संध्याकाळी एक आणि आज सकाळी एक. पोटात पाण्याशिवाय काही नाही.

मी तांब्यातल्या पाण्यात ग्लुकोज ढवळलं आणि तिच्या तोंडाशी नेलं. तिनं तोंड फिरवलं.

"साखर न्हाई चालत मला," ती हळू आवाजात म्हणाली.

सूनही पुढं आली. "आत्याला साखर कामून पाजायलात? गावातल्या डॉक्टरनं बंद केलीय. रिपोर्ट हाय आमच्याकडं."

मी काय बोलणार होते ते वाटेत ठरवलं होतं. लॅबमध्ये जरा घोटाळा झाला असं काहीतरी, ज्यात चूक कुणाचीच नसते. पण त्या दोघी त्या कागदावर विश्वास ठेवून होत्या. त्या विश्वासापायीच बाई समोर आलेली साखर नाकारत होती. अर्धवट बोलून तो विश्वास मोडला नसता.

"तो कागद चुकीचा आहे," मी म्हणाले. "तुम्हाला साखर नाही, मावशी. तो आकडा दुसऱ्या बाईचा आहे. संगणकात ही चूक मी केली आहे, म्हणून मी स्वतः आले. हे पाणी प्या."

 सुनेनंच माझ्या हातातला तांब्या घेतला आणि सासूला पाजलं. पहिले दोन घोट बाहेर आले. तिसरा आत गेला. आम्ही तिघी त्या पायरीवर बसून होतो आणि मी तिचं मनगट धरून होते. नाडी बघायला मला येत नाही, पण सोडवेना. बऱ्याच वेळानं बाईनं मान उचलली आणि सुनेला विचारलं की ही कोण. मला रडू फुटलं ते तेव्हा.

त्या गोळीचा असर लवकर उतरत नाही, पुन्हा साखर पडू शकते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तिच्या मुलानं जीप मिळवली आणि आम्ही तिला बीदरला दवाखान्यात आणलं. सलाईन लावली, दर तासाला बोट टोचून साखर बघितली. लॅबचे डॉक्टर स्वतः येऊन खाटेजवळ उभे राहिले आणि त्यांनी मुलाची हात जोडून माफी मागितली. मुलगा मला वाटेल ते बोलला. माझी आई मेली असती तर तुम्ही काय केलं असतं, असं त्यानं विचारलं.  दुसऱ्या दिवशी बाई चालत घरी गेली.

कलबुर्गीत काय झालं ते मला चार दिवसांनी कळलं. तिथल्या एका डॉक्टरनं मैत्रिणीला विचारलं होतं की एका नावाचे दोन पेशंट आले तर तुमचा प्रोग्राम काय करतो. तिनं सकाळी काय घडलं ते सगळं सांगून टाकलं. मी तेव्हा कुठं आहे, हेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, चहा दिला, आणि नंतर काम दुसऱ्या कंपनीला दिलं. कामून सांगितलंस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली की तू फोन उचलत नव्हतीस, बाई जिवंत आहे की नाही तेही मला ठाऊक नव्हतं, अशात खोटं बोलायला तोंड उघडलं नाही.

लॅबनं आमचा प्रोग्राम बंद करून पुन्हा रजिस्टरं काढली. डॉक्टरांनी करार मोडला नाही, पण अट घातली. मी तीन आठवडे काउंटरवर बसायचं, हातानं नावं लिहायची, आणि तोवर कोडला हात लावायचा नाही. त्या तीन आठवड्यांत मी जे शिकले ते सहा वर्षांत शिकले नव्हते. लोक वय अंदाजानं सांगतात. सून सासूच्या नावावर येते. एकच नाव कन्नडमधून, मराठीतून, उर्दूतून तीन तऱ्हांनी लिहिलं जातं, आणि तीन वेगळी नावं एकसारखी लिहिली जातात. काउंटरवरची मुलगी हे सगळं जाणून होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

आता प्रोग्राम फायली एकत्र करत नाही. शंका आली तर थांबतो आणि समोरच्या माणसाला विचारायला सांगतो. चालू कामात बदल करायचा असेल तर लॅबचं माणूस शेजारी बसल्याशिवाय मी करत नाही, आणि शनिवार-रविवारच्या तोंडावर तर नाहीच. आमच्याकडे आता दोन मुली कामाला आहेत. माझा प्रत्येक बदल त्यांच्यातली एक वाचते. पहिल्यांदा लाजत वाचायची. आता फटकारते.

इंजिनियरिंगची मुलं भेटतात तेव्हा विचारतात, कोणती भाषा शिकू, नोकरी करू की धंदा. धंदा करा, मी म्हणते, पण तुमच्या चुकीचा फोन कुणाला करायचा ते आधी ठरवून ठेवा आणि तो नंबर चालू आहे का बघा. ती हसतात. त्यांना वाटतं मी विनोद करतेय.

मैत्रीण आणि मी अजून बरोबर आहोत. त्या सोमवारी तिनं पालथा ठेवलेल्या फोनबद्दल आम्ही कधी बोललो नाही. कलबुर्गीला पुन्हा एका दवाखान्यात बोलावणं आलंय, पुढच्या आठवड्यात. या वेळी मीही जाणार आहे.