फळीवर रंगवलेली पुस्तकं

मालगुजारांच्या, म्हणजे आमच्याकडच्या जमीनदारांच्या, जुन्या घराचं संग्रहालय झालं, तेव्हा किल्ल्या माझ्याकडे आल्या. घर आमच्याच गावात, लाखांदूरच्या रस्त्याला. नागपूरहून आलेल्या साहेबांनी एकेक खोली जुन्या फोटोत होती तशी उभी केली. वाचायची खोली मात्र अडून बसली. टेबल मिळालं, आरामखुर्ची मिळाली, टांगता दिवासुद्धा मिळाला. पुस्तकं वाळवीनं केव्हाच फस्त केलेली. उरली ती एका खणात मावली. बाकी भिंतभर कपाट रिकामं, आणि फोटोत तर ते खच्चून भरलेलं.

मी बोलून गेले, "आमच्या घरचे पुस्तकं रंगवून देतील जी. फळीवर."

बोलले आणि जीभ चावली. आमच्या घरच्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, सारा जन्म झाडीपट्टीतल्या नाटकांचे पडदे रंगवले. राजवाडा, जंगल, पोलीस ठाणं, म्हणाल ते. पण लकव्यानं उजवा हात गेला आणि सगळे ब्रश माळ्यावर गेले. तेव्हापासून दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडे पाहायचे. बोलायचे नाहीत, भांडायचेही नाहीत. न भांडणारा नवरा काय कामाचा? मला माझा भांडकुदळ माणूस परत पाहिजे होता, बस.

"डाव्या हातानं? पागल झाली का तू?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मात्र हळूच म्हणाले, "ब्रश काढून दे."

मग काय, घरभर रंगाचा वास आणि दिवसभर भांडणं. पिवळा इतका पातळ काहून केला, फळी कायले हलवून राहिली! मी इतकी खुशीत की दोनदा भाजी करपवली.

फळ्या कपाटात बसल्या आणि साहेब पाहायला आले. नाक लागेल इतके जवळ गेले. "रेषा थरथरल्यात, काकू. लोक हसतील. काढाव्या लागतील."

आमच्या घरचे मागेच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि डावा हात पाठीमागे लपवला. तो लपवलेला हात पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

"साहेब, नाटक तुम्ही पडद्याले नाक लावून पाहता का?" मी त्यांची बाही धरून त्यांना दारापर्यंत ओढत नेलं. पाहुण्यांनी आत जाऊ नये म्हणून तिथे दोरी बांधली होती. "आता पाहा इथून!"

साहेबांनी चष्मा पुसला. तिथून थरथर कुणाला दिसणार? उलट पुस्तकं हाताळून जुनी झाल्यासारखी, एकमेकांवर रेललेली दिसत होती. "राहू द्या," साहेब म्हणाले आणि स्वतःच हसले. पण आमच्या घरचे काही हसले नाहीत. बायको ओरडली म्हणून साहेबांनी ऐकलं, असंच त्यांना वाटत होतं. घरी येऊन पुन्हा ओट्यावर बसले.

उद्घाटनाला मालगुजारांचे नातू आले. तेही आता म्हातारेच. लहानपणी याच खोलीत खेळलेले, पुढे सारं आयुष्य परगावी गेलेलं. दोरीपाशी थांबून एकटक पाहत राहिले. मग कुणाला न विचारता दोरी ओलांडून आत गेले. त्यांचंच घर, अडवणार कोण? लाल पाठीचं एक जाडजूड पुस्तक काढायला त्यांनी वरून बोट घातलं, आणि नख फळीवर खर्रकन ओढलं गेलं.



"अरे बाप रे, हे तर रंगवलंय!" म्हणत ते असे खदखदून हसले की सगळेच हसायला लागले. आणि सगळ्यात मोठ्यानं कोण हसत होतं? कोपऱ्यातले आमच्या घरचे! किती दिवसांनी ऐकलं ते हसू. मी पदरानं डोळे पुसले.

पाहुणे गेल्यावर मी लाल रंगावरचा ओरखडा पाहिला आणि ब्रश पुढे केला. "एवढं झाकून टाका जी."

"हात नको लावू वो त्याले!" ते खेकसले. "नाटकात पब्लिक बक्षीस देते ते नटाले, गाणारीले. पडद्याले कोणी दिलं का कधी? हे माह्यं बक्षीस हाये." मग ओरखड्यावरून डाव्या हाताचं बोट हळूच फिरवलं. "अन् तू उभी काहून राहिली? पिवळा संपला. उद्या आठवणीनं आणजो."