ढोबळे मॅडमचा पाचवा दिवस

ढोबळे मॅडम कोणाला ‘कशी आहेस’ असं विचारत नसत. आधी डोळ्यांकडे बघायच्या, मग पोटाकडे, आणि विचारायच्या, “शेवटची केव्हा गेली होती?” कुठं, ते सांगावं लागत नसे. डोकं दुखतं म्हणून बाकावर मान टाकलेली मुलगी असो की सहीसाठी आलेली अंगणवाडीताई, प्रश्न तोच. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. पुढं सगळं याच विषयावर आहे, आणि मी जिच्याबद्दल लिहिते आहे ती बाई याच विषयानं गेली.

आमचं गाव सावनेरच्या पुढं, कोळशाच्या ट्रकांच्या रस्त्यावर. शाळा सरकारी, आठवीपर्यंत. मॅडम विज्ञान शिकवायच्या. राहायला हुडकेश्वरला, म्हणजे नागपूरच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी शहरातली बस, मग सावनेरची गाडी, मग मिळेल तो ऑटो. घरचा नळ यायच्या आत त्या निघायच्या आणि दिवेलागणीला परत पोचायच्या. अंगानं बारीक, पण पोट तेवढं पुढं आलेलं. गावातल्या बाया त्यावरून काय काय बोलायच्या ते इथं लिहीत नाही. पर्समध्ये पाण्याची बाटली असायची. ती सकाळी भरलेली यायची आणि संध्याकाळी भरलेलीच परत जायची.

शिकवणं मात्र असं की मागच्या बाकावरचेही पुढं सरकून बसायचे. पचनसंस्थेचा धडा त्यांनी पुस्तक मिटून शिकवला होता. म्हणाल्या, तुमच्या मोठ्या आतड्यात एक गाव वसलेलं आहे. जिवाणूंचं गाव, आपल्या जिल्ह्यात माणसं नसतील त्याहून कितीतरी जास्त वस्ती. तुम्ही जेवता तेव्हा त्या गावाला रेशनची गाडी सुटते. गाडी वेळेत आली, वेळेत गेली, की गाव नीट चालतं. ते भाजीचा चोथा खातात, कोंडा खातात, आणि त्यातून जे आम्ल तयार होतं त्यानं आतड्यालाच हालचालीचा जोर मिळतो. “पण गाडी अडली तं?” असं विचारून त्या थांबायच्या आणि पूर्ण वर्गावर नजर फिरवायच्या. “चोथा संपते. मंग ते प्रथिनांवर येतात. त्याचा गॅस होते, घाण वास येते, अन् काही पदार्थ तं विषारीच. असं झालं का जुनी वस्ती उठते, नवी येते. नव्या वस्तीतले लोक वेगळे, त्यांच्या सवयी वेगळ्या. आपण थांबलो म्हणून ते थांबत नाही, ध्यानात ठेवा.”

आमच्यातल्या एकानं विचारलं होतं की मॅडम, पोट मंद म्हणून वस्ती बिघडते का वस्ती बिघडली म्हणून पोट मंद? मॅडमना तो प्रश्न इतका आवडला की त्याला फळ्यापाशी उभं करून पुन्हा विचारायला लावला. दोन्ही एकमेकांना ओढतात, म्हणाल्या, आणि सुरुवात कोण करतं ते शास्त्रज्ञांनाही अजून नीट सुटलेलं नाही. माहीत नाही असं म्हणणारी शिक्षिका आम्ही तोवर पाहिली नव्हती.

आता शाळेच्या शौचालयाबद्दल. होतं. गुलाबी रंगाचं, भिंतीवर दोन वेण्यांच्या मुलीचं चित्र, ती मुलगी हसते आहे. दाराला कुलूप. किल्ली हेडमास्तरांच्या ड्रॉवरमध्ये, कारण आत पाणी नव्हतं, आणि पाण्याशिवाय उघडलं तर घाण होईल आणि तपासणीला दाखवायचं काय? हे मी रंगवून सांगत नाही, हेडमास्तर हेच बोलायचे. मुलं भिंतीमागं जायची. मुलींना दिवाळीपर्यंत आणि पुढं थोडे दिवस शेजारच्या शेतातल्या पऱ्हाटीचा आडोसा असायचा. कापूस वेचून झाला, पऱ्हाटी उपटली, की थेट रस्त्यापर्यंत उघडं रान आणि रस्त्यावर ट्रकांची रांग. मग आम्ही जात नसू. सकाळी घरी पोळी अर्धीच खायची, पाणी प्यायचं नाही. हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं. आया हेच करायच्या, बहिणी हेच करायच्या, आम्हीही करायला लागलो.

सातवीत असताना, पऱ्हाटी उपटल्यानंतरच्याच दिवसांत, मॅडमनी एका शनिवारी उकडलेल्या मक्याचे दाणे आणले. प्रत्येकाला चमचाभर. चावायचे नाहीत, तसेच गिळायचे, वेळ वहीत लिहायची, आणि मग घरी लक्ष ठेवायचं. मक्याचं साल पचत नाही. दाणे ज्या दिवशी दिसतील तो दिवस, ती वेळ लिहायची. म्हणजे आपल्या पोटातली गाडी किती वेगानं जाते ते कळतं. पोरांनी धिंगाणा घातला. रविवारी एकमेकांच्या घरी जाऊन “दिसले का बे?” असं विचारत फिरत होते.

सोमवारी मॅडमनी फळ्यावर तक्ता काढला. पोरांचे आकडे पुढं-मागं होते. कोणाचा रविवार सकाळ, कोणाचा रविवार रात्र, एकाचा तर शनिवारीच, त्याला सगळे हसले. मुलींनी मात्र सगळ्यांनी एकच लिहिलं होतं, रविवार सकाळ. एकीनं लिहिलं, बाकीच्यांनी पाहिलं. मीही. मॅडमनी तक्ता वरून खालपर्यंत वाचला. सर्वात खाली एक ओळ आखून तिच्यात ‘ढोबळे मॅडम’ असं लिहिलं आणि पुढची जागा तशीच सोडली.

ती जागा मंगळवारी रिकामी होती. बुधवारी रिकामी होती. पोरांनी हसणंही सोडलं. गुरुवारी त्यांनी तिथं लिहिलं, ‘पाचवा दिवस’. मग आमच्याकडे तोंड केलं.

“मले पाच दिवस लागले,” त्या म्हणाल्या. “मी शिक्षिका आहे, मले सगळं माहीत आहे, तरी पाच दिवस. काहून? मी घरून अंधारात निघतो, इथं कुलूप आहे, घरी जाईपर्यंत पोट विसरून जाते. वीस वर्षं झाली. आता ते आठवणच करून देत नाही. आता कोणाले आपला आकडा बदलाचा असंन तं बदला. नसंन बदलाचा तं नोको बदलू.”

मग माझ्या बाकावरची माधुरी उठली, डस्टरनं आपला रविवार पुसला आणि मंगळवार लिहिला. मग एकेक करत सगळ्या. माझा बुधवार होता. फळ्यावर वरचा अर्धा भाग पोरांचा आणि खालचा अर्धा आमचा, आणि त्या दोन अर्ध्यांमध्ये जे दिसत होतं ते सातवीच्या पोरांनाही दिसलं. कोणी चेष्टा केली नाही. गाव तेच, पोळी-भाजी तीच, वरण तेच. फक्त आमच्या गाडीला थांबवून ठेवलं होतं.

मॅडमनी तो तक्ता कागदावर उतरवला, नावं काढून टाकली आणि शाळेच्या समितीच्या बैठकीत नेला. मागणी एवढीच की गावच्या पाण्याच्या टाकीपासून एक पाइप आणा आणि कुलूप काढा. समितीच्या अध्यक्षांनी कागद उलटा-सुलटा पाहिला म्हणे. “मॅडम, तुमाले पोरींचं पोट मोजाले ठेवलं का शिकवाले?” मॅडम म्हणाल्या, शिकवायलाच, आणि हा धडा तुमच्यासाठी आहे. तिथं हसायला पाहिजे होतं कोणीतरी. कोणी हसलं नाही. आठवड्यात तक्रार गेली की शिक्षिका मुलींना घाणेरडे प्रश्न विचारतात आणि उत्तरं फळ्यावर लिहायला लावतात.

चौकशीला शिक्षण विभागाचे साहेब आले. मुलींना एकेक करून हेडमास्तरांच्या खोलीत बोलावलं. मला विचारलं, मॅडमनी तसं लिहायला लावलं तेव्हा तुला कसं वाटलं? मी म्हटलं, लाज वाटली. खरंच वाटली होती. साहेबांनी ते लिहून घेतलं आणि म्हणाले, जा. मी गेले. अहवालात आलं की विद्यार्थिनींच्या मनात लज्जा उत्पन्न झाली. नोटीस निघाली, आणि वर्ष संपायच्या आत मॅडमची बदली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला झाली.

शेवटच्या दिवशी त्या व्हरांड्यात उभ्या होत्या. मी रडत गेले. त्यांनी मला जवळ वगैरे घेतलं नाही. त्या चिडलेल्या होत्या, आणि चिडायचा त्यांना हक्क होता. “लाज वाटली म्हणून सांगितलं, बरं केलं, खरं होतं ते. पण लाज कशाची वाटली ते काहून नाही सांगितलं वं? पुढचंही सांगाचं होतं ना.” एवढं बोलून त्या ऑटोत बसल्या. पाण्याची बाटली भरलेलीच होती.

मी शिकायला नागपुरात आले. इथं मुलींच्या शौचालयांसाठी काम करणाऱ्या एका लहानशा गटात शिरले, पत्रकं लिहायला लागले, वाटायला लागले. अर्ज केले. आमच्या शाळेसाठी तर इतके की शिपाई मला नावानं ओळखायचे. शिक्षणवाले म्हणायचे, पाण्याचं पाणीवाल्यांना विचारा. पाणीवाले म्हणायचे, इमारत ग्रामपंचायतीकडे. ग्रामपंचायत म्हणायची, शाळा सांगते शौचालय चालू आहे. कागदावर ते चालूच होतं. भिंतीवरची ती मुलगी अजूनही हसत असेल.

मॅडम पुन्हा भेटल्या त्या नागपुरातल्या सदर बाजारात. मी दुकानांसमोर पत्रकं वाटत होते आणि एका बाईनं ते घेऊन तिथंच उभं राहून पूर्ण वाचलं. पूर्ण पत्रक वाचणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, म्हणून तोंड वर करून पाहिलं. त्या वाळल्या होत्या. पोट मात्र आणखी मोठं, पदर त्यावर ओढून घेतलेला. मला काही विचारायच्या आधी पेन मागितला आणि माझ्या पत्रकातला ‘भयावह’ शब्द कापला, ‘लाजिरवाणी परिस्थिती’ कापलं. “हे कोणी वाचत नाही. पोरगी सकाळी किती वाजता निघते अन् किती वाजता परत येते, तेवढं लिही.” मी त्यांना चहाला नेलं. त्यांनी चहा घेतला नाही. नव्या शाळेतही कुलूपच आहे, म्हणाल्या. चूर्णं झाली, गोळ्या झाल्या. कुठल्याशा तापावर जिवाणू मारायच्या जबर औषधांचा कोर्स दिला, त्यात पोटातलं होतं नव्हतं ते गावही उठलं. “माह्या पोटात आता वस्ती नाही, नुसतं गोदाम आहे,” असं म्हणून त्या हसल्या. मला हसू आलं नाही. डॉक्टरांना नीट सांगितलं का, म्हणून विचारलं. तर म्हणाल्या, पाच दिवसांचं सातवीच्या वर्गाला सांगितलं होतं, त्याची शिक्षा झाली, आता सात-आठ दिवसांचं कोणाला सांगू? ज्या बाईनं आम्हाला आकडे पुसून खरं लिहायला शिकवलं, ती बाई स्वतःचा आकडा लपवायला लागली होती. हे त्या चौकशीनं केलं. मीही केलं.

यानंतर काही महिन्यांनी माधुरीचा फोन आला की मॅडम दवाखान्यात आहेत. वर्षानुवर्षं भरून राहून मोठं आतडं लांब आणि ढिलं होतं, तसं त्यांचं झालं होतं, आणि मग त्याला पीळ पडला. पोट दुखत असूनही दोन दिवस घरीच काढले. ऑपरेशन झालं तेव्हा आतला भाग काळा पडला होता. डॉक्टर तरुण होते, नीट बोलले. मी त्यांना विचारलं, शाळेतलं कुलूप हे याचं कारण आहे असं तुम्ही लिहून द्याल का? ते म्हणाले, असं एकच कारण नसतं, हे कोणीच छातीठोक सांगू शकत नाही. बरोबर आहे त्यांचं. मॅडमनीही असंच उत्तर दिलं असतं. पण मला त्या क्षणी ते उत्तर फाडून टाकावंसं वाटलं.

खाटेवर त्या एवढ्याशा दिसत होत्या. पोट पहिल्यांदाच सपाट होतं. नाकात नळी, बाजूला पिशवी. त्यांचे यजमान बाहेर औषधं आणायला गेले होते. मी त्यांचा हात धरून बसले. मग त्यांनी डोळे उघडले, मला ओळखलं आणि फार सावकाश विचारलं की आपल्या शाळेतलं उघडलं का.

खोटं बोलावं असं मनात येऊन गेलं. ‘हो’ म्हणायला काय लागत होतं? मी म्हटलं, “नाही, मॅडम. अजून नाही.”

त्यांनी हात काढून घेतला.

“मंग इथं काहून बसून राहिली?”

दुसऱ्या दिवशी आमच्या शाळेच्या अर्जासाठी शिक्षण विभागातल्या साहेबांना भेटायची वेळ होती. अकरापासून कार्यालयाच्या लांबच लांब बाकावर मी अर्ज घेऊन बसले होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ पेन्शनच्या कागदांसाठी आलेले, त्यांच्यापुढं दोन शिक्षक. साहेब मीटिंगमध्ये होते, मग जेवायला गेले, मग आले. तेवढ्यात फोन वाजला. माधुरी होती. ती रडत होती, म्हणून काही विचारावं लागलं नाही. मॅडमना जाऊन पंधरा-वीस मिनिटं झाली, म्हणाली, तू लवकर ये, घरी नेतील.

शिपायानं आवाज दिला, पुढचे कोण. दोन शिक्षक उठून आत गेले. म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “बेटा, जायचं असंन तं जा, तुह्या जागेवर मी पिशवी ठेवतो.”

मी म्हटलं, नको काका, तुमच्यानंतर माझाच नंबर आहे.