दुरुस्ती व्हावी

नानांच्या पत्राचे नेहमी दोन भाग असत. पहिल्याला ते 'दुरुस्ती' म्हणत आणि दुसऱ्याला 'मत'. दोहोंच्या मध्ये पट्टी लावून मारलेली एक आडवी रेघ असे. रेघेच्या वर राग नसे आणि रेघेच्या खाली रागाखेरीज दुसरे काही नसे.

मी त्या काळी अलिबागच्या एका साप्ताहिकात उपसंपादक होतो. वाचकांची पत्रे निवडणे आणि कापणे हे माझे काम होते. आमचे साप्ताहिक सुधारकी वळणाचे. नाना कट्टर सनातनी. हरिहरेश्वरच्या अलीकडे समुद्रालगतच्या एका गावात त्यांची सुपारीची वाडी होती. गाव संस्थानी हद्दीत, खाडीपलीकडे. आगबोट चालू असेपर्यंत आमचा अंक तिकडे दोन दिवसांत पोचे. पावसाळ्यात तो दिघीची खाडी ओलांडून म्हसळ्यावरून जाई आणि केव्हा पोचेल याचा नेम नसे. डाकवाला सांगे, "नाना, आजबी अंक आला न्हाय." नाना म्हणत, "येईल. चुका जास्त असतील, म्हणून जड झाला असेल."

कचेरीत त्यांना 'दुरुस्तीकार' म्हणत. त्यांचे पाकीट आले की छापखान्यातले खिळे जुळवणारे हात थांबवून बघत. स्तुतीचे पत्र त्यांच्याकडून कधी आले नाही. विरोधी मताचे साप्ताहिक का घेता, असे मी त्यांना पुढे एकदा विचारले. ते म्हणाले, "माझ्या बाजूचं वाचून काय करू? ते मला ठाऊकच आहे."

मुलींच्या लग्नाचे वय ठरवणारा कायदा होणार अशी चर्चा सुरू झाली, तेव्हा नानांनी ओळीने चार पत्रे पाठवली. एका पत्रात रेघेखाली लिहिले होते: 'हा कायदा आमच्या संस्थानास लागू होणार नाही. तरी माझा विरोध नोंदवावा.' रेघेच्या वर वेगळीच गोष्ट होती. आमच्या लेखकाने लिहिले होते की, त्या किनाऱ्यावर दहा वर्षांपुढची एकही मुलगी बिनलग्नाची सापडणार नाही. नानांनी कळवले: 'आमच्याच आळीत एक मुलगी तेराव्या वर्षापर्यंत बिनलग्नाची होती. तिच्या बापास नावे ठेवणारांत मी पहिला होतो, त्यामुळे पक्के आठवते. दुरुस्ती व्हावी.'

पाहिल्याशिवाय विरोध करायचा नाही, हा त्यांचा नेम होता. कुलीन स्त्रियांनी बोलपटात काम करावे की नाही, हा वाद आमच्याकडे दोन महिने चालला. नाना त्यासाठी मुंबईला गेले आणि एकच बोलपट दोनदा पाहून आले. पत्रात त्यांनी खुलासा केला होता: 'दुसऱ्यांदा पाहण्याचे कारण इतकेच की, पहिल्या खेळास पुढील गृहस्थाच्या पागोट्यामुळे आक्षेपार्ह भाग नीट दिसला नाही.'

शिवरात्रीच्या यात्रेची बातमी आणायला मी हरिहरेश्वरला गेलो, तेव्हा वाटेत त्यांच्या घरी थांबलो. बारीक, काळासावळा माणूस. कानाला लावायच्या दांडीऐवजी चष्म्याला दोरा बांधलेला. मी नाव सांगितले.

"म्हणजे कात्री तुमची."

"हो."

"बसा. गूळ-पाणी घ्या. माझं मत कापता, त्याबद्दल तक्रार नाही. मत माझं आहे, मी पुन्हा लिहीन. दुरुस्ती कापत जाऊ नका. ती तुमची आहे."

त्या सालच्या जूनमध्ये त्यांच्या गावच्या शाळेत घाटावरून नवे मास्तर आले. त्यांनी पहिल्याच आठवड्यात महारांच्या मुलांना बाहेरच्या ओट्यावरून उठवून वर्गात आणून बसवले. नानांचे पत्र आले. त्यात रेघेच्या वर काहीच नव्हते. खाली मास्तरांची बदली करावी, अशी मागणी होती. आम्ही ते छापले.

दिवाळीनंतर म्हसळ्याहून दुसरे एक पत्र आले. खाली 'एक सनातनी' अशी सही, आत संपादकांसाठी खरे नाव. मजकूर असा की, मास्तर सर्व जातींच्या मुलांना एकाच मडक्यातले पाणी सक्तीने पाजतात. मी चौकशी केली नाही. अंकात जागा होती आणि मजकूर वाद पेटवणारा होता, म्हणून पत्र दिले. अंक शाळाखात्यात पोचला. मास्तरांना घरी बसवण्यात आले आणि चौकशीचा हुकूम निघाला. बायको, दोन मुले आणि म्हातारी आई असे त्यांचे बिऱ्हाड त्याच गावात होते.

पुढच्या आठवड्यात नाना स्वतः कचेरीत आले. त्यांना बोट लागत असे. चेहरा पांढरा पडला होता. संपादकांनी खुर्ची दिली. ते बसले नाहीत.

"छापलंत ते खोटं आहे. शाळेत मडकी दोन आहेत."

"तुम्हाला कोणी सांगितलं?" संपादकांनी विचारले.

"सांगितलेलं मी लिहीत नाही. शाळेत जाऊन आलो. एक मडकं खिडकीशी, दुसरं दाराशी. दाराशी आहे ते मास्तरांनी स्वतः आणलेलं. महारांची मुलं म्हणाली, मास्तर त्यातलं पाणी वरून ओतून आम्हाला देतात."

"पण ते दुसरं मडकं चौकशीसाठी आता आणून ठेवलं असेल," मी म्हणालो.

"मलाही तीच शंका आली. म्हणून उचलून पाहिलं. बुडाला शेवाळ आहे, खाली जमिनीवर ओलीचं वर्तुळ आहे. एका दिवसात ते होत नाही."

संपादकांनी विचारले, "ते मडकं तुम्ही हातानं उचललंत?"

"पायानं उचलता येत नाही. घरी जाऊन आंघोळ केली."

संपादकांनी त्यांना समजावले. "नाना, यानं तुमचीच बाजू पडते."

"बाजू माझी आहे, मी उचलीन. तुम्ही छापा. ज्या पानावर ते आलं त्याच पानावर, त्याच ठशात. आणि लिहिणाऱ्याचं नाव मी विचारत नाही. ते माझे व्याही. त्यांनीच मला अंक उघडून कौतुकानं दाखवला."

पत्र त्याच पानावर, त्याच ठशात गेले. रेघेच्या वर मडक्यांची हकीकत होती, शेवाळासकट. खाली दोनच वाक्ये होती: 'मास्तरांचे विचार त्याज्य आहेत व त्यांची बदली व्हावी, हे माझे मत कायम आहे. ती खोट्या कारणाने होऊ नये.' चौकशीला आलेल्या अधिकाऱ्याने मडके पाहिले. मास्तर महिन्याभरात कामावर रुजू झाले. त्यानंतरच्या आठवड्यात त्यांच्या बदलीची मागणी करणारे नानांचे नवे पत्र आले.

मडके उचलल्याची गोष्ट मात्र त्या पत्रामुळे सगळीकडे झाली. व्याह्यांनी निरोप पाठवला की, नानांनी रीतसर प्रायश्चित्त घ्यावे. घेईपर्यंत सूनबाई माहेरी येणार नाही. नानांची ती एकुलती मुलगी आणि तिचे दिवस भरत आले होते. नानांनी उत्तर दिले, "शास्त्रात स्नान सांगितलं आहे, ते केलं. याहून जास्त मागता ते शास्त्र नाही, राग आहे." मुलीचे बाळंतपण सासरी झाले. बारशाला नानांना बोलावणे आले नाही. त्या आठवड्याचे त्यांचे पत्र माझ्या लक्षात आहे. भरतीच्या वेळा छापताना आम्ही एका दिवसाची चूक केली होती, ती त्यांनी दाखवली होती. मत नव्हते. रेघ मात्र मारलेली होती.

मास्तर मला एकदा अलिबागला भेटले. मडक्याची गोष्ट निघाली. ते म्हणाले, "खरं तर मडकं एकच हवं होतं. तेवढी छाती मला झाली नाही. त्या खोट्या पत्रातला मास्तर माझ्यापेक्षा बरा माणूस होता." आणि नाना, असे मी विचारले. "दर रविवारी मला बोलावतात. मी चुकतो आहे हे सिद्ध करायला."

नाना त्यानंतर पाच-सहा वर्षांनी श्रावणात गेले. आगबोटी बंद होत्या. बातमी आमच्याकडे आठ दिवसांनी पोचली. मृत्युवार्ता मी लिहिली. चार ओळींची होती. चौथी ओळ मी आपल्या मनाने घातली: 'उत्तरायुष्यात त्यांच्या विचारांत सहिष्णुता आली होती.' त्यांच्याविषयी चांगले काही लिहावे, असे वाटले.

पंधरा दिवसांनी पाकीट आले. अक्षर नानांचे नव्हते, पण कागदाच्या मधोमध पट्टी लावून मारलेली रेघ होती. पत्र मास्तरांचे होते.

रेघेच्या वर लिहिले होते: 'आपल्या अंकातील चौथी ओळ चुकीची आहे. नानांच्या विचारांत कोणताही फरक पडला नव्हता. निधनापूर्वीच्या रविवारी मी त्यांच्याकडे होतो. त्यांनी मला पाऊण तास खडसावले. प्रायश्चित्त त्यांनी अखेरपर्यंत घेतले नाही. नातू त्यांना प्रथम दिसला तेव्हा तो चालत होता. तो त्यांना ओळखेना, म्हणून नानांनी त्याला आपले नाव, गाव व नाते सांगितले. दुरुस्ती व्हावी.'

रेघेच्या खाली मास्तरांनी काही लिहिले नव्हते. आम्ही पत्र ज्या पानावर मृत्युवार्ता आली होती त्याच पानावर, त्याच ठशात दिले. रेघही छापली.