अक्षता न खाणारा डबा

आमच्या वरच्या खोलीत राहणारी मोनिका पत्र्याचे डबे करते. असं सांगितलं की लोकांना धान्याच्या कोठ्या नाहीतर ट्रंका आठवतात. मोनिकाच्या डब्यात कम्प्युटर बसतो, तोही साधा नव्हे. त्यात ग्राफिक्स कार्ड असतं, विटेहूनही लांब. भरात आलं की ते शेगडीसारखं तापतं आणि फारच तापलं की स्वतःला वाचवायला गप्प बंद पडतं. मोठ्या खोक्यात त्याला हवा मिळते, पण मोनिकाला ते बसवायचं होतं तेलाच्या पंधरा किलोच्या डब्याहून लहान जागेत.

कारण तिचं पहिलं गिऱ्हाईक, जाफराबादचा शिवशंकर, एसटीनं फिरतो. लग्नात स्टेजमागं एलईडीचा भलामोठा पडदा असतो ना, त्यावर फुलं, धबधबे, नवरानवरीचे हलते चेहरे दाखवायचं काम त्याचं. "ताई, मांडीवर मावंल असा करून द्या," म्हणाला होता.

मोनिकानं केला. आमच्या जुन्या जालन्यातल्या गल्लीत खाली कापडाची ठोक दुकानं. तिथून साड्यांचे खोके आणून तिनं आधी पुठ्ठ्याचे डबे जोडले, मोडले, पुन्हा जोडले. मग कारखान्यातून पत्रा कापून आणला. गरम हवा वर जाते म्हणून झाकणाला लांब लांब फटी ठेवल्या. जाफराबादच्या लग्नात डबा सकाळपासून छान चालला. ऐन मंगलाष्टकात पडदा काळा झाला.

"नवरीचा मामा नवरीकडं न्हाई, माझ्याकडंच बघून राह्यला व्हता," शिवशंकर दुसऱ्या दिवशी सांगत होता. त्यानं डबा माझ्या ओट्यावर उपडा केला तर आतून कुंकवात रंगलेले तांदूळ घरंगळले. लोकांनी अक्षता टाकल्या, त्या फटींतून थेट आत पडल्या आणि कार्डाचा पंखा अडकला.

मोनिकाची आई, वच्छलाबाई, तांदूळ गोळा करत म्हणाल्या, "तुझ्या डब्याला भूक लागली व्हती का गं?"

मोनिका हसली नाही. पुण्यात भावानं, राजानंदनं, तिच्यासाठी नोकरी बघून ठेवली होती आणि वच्छलाबाईंना मुलगी तिथंच जायला हवी होती. शिवशंकर भला माणूस, त्यानं आणखी एक लग्न दिलं, आष्टीचं. माय-लेकींत ठरलं ते माझ्यासमोरच. आष्टीला पडदा चालू राहिला तर मोनिका हेच काम करणार. पुन्हा बंद पडला तर सोमवारी पुणे.

मला वाटलं, बारीक जाळी लावली की झालं. मीच माझी पिठाची चाळणी नेऊन दिली. तिनं ती झाकणावर ठेवून कम्प्युटर चालू केला आणि थोड्या वेळानं मला कार्ड किती तापलं त्याचा आकडा दाखवला. चढतच होता.

"काकू, तांदूळ थांबला, पण त्याच्यासंगं हवाबी थांबली."

मग तिनं झाकण दोन बोटं उचललं, वर उतरतं छप्पर दिलं. तांदूळ घसरून खाली पडू लागले. तरी आकडा चढला. तिनं माझ्या देवघरातून उदबत्ती मागून घेतली, पेटवली आणि डब्याजवळ धरली.

तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की तिला काय दिसत असतं. हवा आत घ्यायला बाजूला जाळी होती, तिच्यातून धूर आत गेला, छपराखालून बाहेर आला, कडेवरून खाली वळला आणि त्याच जाळीतून पुन्हा आत शिरला. कार्ड आपलीच गरम वाफ पुन्हा पुन्हा ओढून घेत होतं. आम्ही दोघी खाली वाकून बघत होतो आणि चहा उतू गेला तरी मी हलले नाही.

तिनं छप्पर तीन बाजूंनी बंद केलं, फक्त मागची उघडी ठेवली. कार्ड सरकवून बाजूच्या जाळीला अगदी चिकटवलं, म्हणजे त्याचा पहिलाच श्वास बाहेरचा. मग डब्याला लावलेल्या पंख्यांपैकी एक काढून टाकला. मी म्हटलं, "अगं, काढतेस काय?"

"तो आतल्या वाऱ्याशी उलटाच भांडून राह्यला व्हता, काकू."

पुन्हा उदबत्ती. धूर जाळीत शिरला, दिसेनासा झाला आणि मागून एकच सरळ फीत होऊन निघाला, कुणी ओढून काढावी तशी. इतक्या दाटीवाटीतून वाऱ्याला वाट काढून देता येते, आणि तीही न दिसणाऱ्या वाऱ्याला, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते धुराचं म्हणून मी पुसून टाकलं.

आष्टीचं लग्न भर दुपारचं, मे महिन्यातलं. वच्छलाबाई आणि मीही गेलो. मांडवाखाली माणसं पदरानं वारा घेत होती. डबा स्टेजच्या कडेला टेबलावर, शिवशंकर त्याच्याजवळ, मोनिका त्याच्याही पुढं. पहिलं मंगलाष्टक झालं, अक्षता पडल्या. छपरावर ताडताड वाजल्या आणि घसरून गेल्या. मी पडद्याकडं बघत होते. वच्छलाबाई डब्याकडं. शेवटच्या "सावधान"ला तर मागच्या पोरांनी मुठी भरभरून फेकल्या. पडद्यावर गुलाब उमलत राहिले.

वच्छलाबाई उठल्या आणि डब्यामागं हात धरून पटकन काढला.

"तव्यावाणी गरम वाफ हाय की गं."

"बाहेर हाय ना, आई," मोनिका म्हणाली. "आत न्हाई."

परतीच्या जीपमध्ये डबा खाली ठेवायला जागा नव्हती. शिवशंकरनं डबा धरायला हात पुढं केला, पण वच्छलाबाईंनी तो आपल्या मांडीवर घेतला. बरोबर मावला. छपराच्या खाचेत अडकलेले दोन-चार तांदूळ त्या नखानं काढत होत्या, तेवढ्यात राजानंदचा फोन आला.

"सोमवारी न्हाई जमायचं तिला," त्या म्हणाल्या. "न्हाई, बरी हाय. कामात हाय."

फोन ठेवून त्यांनी डब्यावरची धूळ पदरानं पुसली. मोनिका खिडकीबाहेर बघत होती आणि शिवशंकर पुढच्या लग्नाची तारीख सांगत होता.